पुण्यापेक्षा स्वस्त म्हणजे स्वस्त नव्हे

नाशिकमध्ये फ्लॅट बघायला निघालात की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "सर, पुण्याच्या निम्म्या रेटमध्ये देतोय." पाथर्डी फाट्याला जा, आडगावला जा, गंगापूर रोडला जा, एजंट बदलतो पण वाक्य तेच. आणि खोटं आहे असंही नाही. पुण्यात बाणेर-वाकडला जो टू बीएचके कोटीच्या आसपास जातो तसा इथे पंचेचाळीस-पन्नास लाखात मिळतो, वरून हवा चांगली, गंगापूर धरण उशाशी, ट्रॅफिक अजून तरी सहन होण्यासारखं. फक्त एकच गोष्ट त्या एजंटला कोणी विचारत नाही, की बाबा नाशिकमध्ये पगार पुण्याचे मिळतात का?

घर परवडतं की नाही हे दुसऱ्या शहराच्या रेटवरून ठरत नसतं, ते त्याच शहरातल्या पगारावरून ठरतं. त्या हिशोबाने नाशिक स्वस्त राहिलेलं नाही, आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून नाही. आणि बाजार आपल्या मनाने हे दुरुस्त करेल असं मला अजिबात वाटत नाही, कारण बाजाराची काही तक्रारच नाहीये, त्याचा माल विकला जातोय. हे काम महापालिकेचं आणि राज्य सरकारचं आहे, त्यासाठी लागणारा नियम त्यांच्याकडे आहे, याच शहरात करून दाखवल्याचा अनुभव आहे, नाहीये ती फक्त इच्छा.

हवेत बोलण्यापेक्षा एका फ्लॅटचा हिशोबच मांडू. पाथर्डी फाटा किंवा म्हसरूळ साइडचा साधा टू बीएचके धरा, स्विमिंग पूल नाही, क्लब हाऊस नाही, कारपेट साधारण ६५० स्क्वेअर फूट, अ‍ॅग्रीमेंट ४२ लाखांचं. आता स्टॅम्प ड्युटी ६ टक्के म्हणजे २ लाख ५२ हजार (एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर १ टक्का वाचतो, पण मग तिचा पगार नसला तर लोनचं गणित अडतं). रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी, ४५ लाखांच्या आत आहे म्हणून १ टक्का, ४२ हजार. मग बिल्डरच्या कॉस्ट शीटच्या शेवटी बारीक अक्षरात येतं ते, मीटरचे चार्जेस, लीगल, सोसायटी फॉर्मेशन, दोन वर्षांचा मेंटेनन्स अ‍ॅडव्हान्स, डेव्हलपमेंट चार्जेस नावाचं काहीतरी, हे सगळं मिळून सव्वादोन लाख कुठे जात नाहीत. बँक ३० लाखांच्या वरच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्केच देते, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे लोन जास्तीत जास्त ३३ लाख ६० हजार. खिशातून काढायचे किती, तर ८ लाख ४० हजार अधिक वरचे सगळे, जवळजवळ १४ लाख. रोख. एक वीट हातात यायच्या आधी.

त्या लोनचा ईएमआय ८ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिन्याला २८ हजारांच्या वर जातो. बँक साधारण अर्ध्या पगारापर्यंत हप्ता बसू देते, म्हणजे घरात महिन्याला ५६-५७ हजार हातात येणारे हवेत, दुसरं कुठलं लोन नको, गाडीचं पण नको.

आता हा पगार नाशिकमध्ये कोणाला आहे ते बघू. एकेकाळी होता बऱ्याच जणांना. "मुलगा प्रेसमध्ये आहे" म्हटलं की नाशिकरोडला लग्न ठरायला तेवढं बास होतं. नोटांचा छापखाना, सिक्युरिटी प्रेस, ओझरला एचएएल, सातपूरला मायको (आताची बॉश) आणि महिंद्रा, एकलहऱ्याचं थर्मल वीज केंद्र, या सगळ्या ठिकाणी पर्मनंट नोकऱ्या होत्या, युनियन होती, पीएफमधून पैसे काढून लोकांनी रो हाऊस बांधले, त्यांची मुलं आज त्याच रो हाऊसवर वरचा मजला चढवतायत. आज अंबड-सातपूरच्या गेटवर सकाळी सातच्या शिफ्टला जी पोरं उभी असतात त्यातली बहुतेक कंत्राटी आहेत. आयटीआय झालेला, डिप्लोमा झालेला मुलगा, ओव्हरटाइम धरून हातात पंधरा, अठरा, फार तर बावीस हजार. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिकेला किती मिळतात ते न विचारलेलं बरं. खासगी हॉस्पिटलमधली नर्स, मॉलमधला सुपरवायझर, कुरिअरवाला, सीएच्या ऑफिसातला अकाउंटंट, हे सगळे मिळून शहर चालवतात आणि यातल्या कोणाही दोघांनी लग्न केलं तरी वरच्या फ्लॅटचा हप्ता बसत नाही. इंजिनिअर झालेली पोरं तर पुण्याला निघून जातात, तो वेगळाच विषय.

मग घेतंय कोण? कारण विकले जातायत हे तर दिसतंय ना.

घेणारे बरेच आहेत आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. निफाड, दिंडोरीचा द्राक्षवाला, सीझन चांगला गेला की मुलांच्या शाळा-क्लाससाठी शहरात एक फ्लॅट घेऊन ठेवतो. कळवण-सटाण्याचा कांदावाला, डाळिंबवाला. धुळे-जळगाव-नंदुरबारची मंडळी, रिटायर होऊन मुलांजवळ येणारी किंवा मुलांना शिकायला पाठवणारी. डोंबिवली-ठाण्याचा वन बीएचके विकून इथे थ्री बीएचके घेणारे काका-काकू, त्यांना तर नाशिक खरंच स्वस्त वाटतं आणि उरलेल्या पैशाची एफडी पण होते. अमेरिकेत असलेला मुलगा आई-बाबांसाठी घेतो. शिवाय ज्याची जमीन रिंग रोडला किंवा समृद्धी महामार्गाला गेली त्याला मोबदला मिळाला, तो पैसा परत फ्लॅट आणि प्लॉटमध्येच येतो, कारण आपल्याकडे पैसा ठेवायची दुसरी जागा लोकांना सुचत नाही. आणि लग्नाच्या बाजारात हल्ली बायोडेटावर "नाशिकला स्वतःचा फ्लॅट" ही ओळ नसेल तर मुलीकडचे पुढचं पान उलटत नाहीत, म्हणून जमीन गहाण टाकून पण फ्लॅट घेणारे आहेत.

या सगळ्यांचा पैसा नाशिकमध्ये कमावलेला नाही, किंवा निदान नाशिकच्या पगारातून आलेला नाही. रेट मात्र त्याच पैशाने ठरतो. आणि मग अंबडच्या गेटवरचा मुलगा त्या रेटला स्पर्धा कशी करणार भाऊ?

बिल्डर पण धंदाच बघणार. गंगापूर रोड, कॉलेज रोडला आता वन बीएचके शोधून दाखवा नवीन प्रोजेक्टमध्ये. थ्री बीएचके, फोर बीएचके, टॉवर, टेरेसवर जिम, नाव इटलीतल्या गावाचं. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वाढला, उंची वाढली, तेव्हा सांगितलं गेलं की जास्त घरं बांधली जातील तर घरं स्वस्त होतील. घरं बांधली गेली, मोठी बांधली गेली. जमीनमालकाला लगेच कळलं की आता या जागेवर जास्त बांधता येतं, त्याने तसा भाव वाढवून मागितला आणि जो काही फायदा होता तो जमिनीच्या भावात जिरला. हे नाशिकपुरतं नाही, कुठेही एफएसआय वाढवला आणि सोबत दुसरी काही अट घातली नाही की हेच होतं.

बिल्डरची बाजू पण ऐकून घेतली पाहिजे, कारण ती सगळी खोटी नसते. ते म्हणतात जमीन महाग, स्टील-सिमेंट महाग, जादा एफएसआयसाठी सरकारला प्रीमियम भरा, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) विकत घ्या, परवानगीला महिनोन्‌महिने, त्यात आमचं मार्जिन राहतंच किती. यातला सरकारचा वाटा तर दिसतोच. एप्रिल २०२५ मध्ये रेडी रेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला जागेचा भाव, वाढला तेव्हा पुण्यात ४.१६ टक्के वाढ झाली आणि नाशिकमध्ये ७.३१ टक्के. सोलापूरला तर १०.१७. म्हणजे मोठ्या शहरापेक्षा मधल्या शहरांवर जास्त. रेडी रेकनर वाढला की नुसती स्टॅम्प ड्युटी वाढत नाही, एफएसआयचे प्रीमियम पण त्याच्याच टक्क्यात असतात, ते पण वाढतात आणि फिरून फ्लॅटच्या रेटमध्ये येतात. तिजोरी भरायची घाई आहे आणि भाषण परवडणाऱ्या घरांचं, हे दोन्ही एका तोंडाने कसं चालेल.

आणि "परवडणारं घर" सरकार म्हणतं कशाला ते पण बघा. जीएसटीसाठी हद्द ४५ लाखांची, १ एप्रिल २०१९ ला ठरवलेली, ती तिथेच आहे. तेव्हापासून नाशिकचे रेट कुठून कुठे गेले आणि हद्द जागची हलली नाही, त्यामुळे ज्या फ्लॅटना तेव्हा १ टक्का लागायचा त्यातले बरेच आता ५ टक्क्यांत गेले. त्याहून गंमत पंतप्रधान आवास योजनेची. शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात सबसिडी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वर्षांत हप्त्याने. चांगलं आहे की. पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत पाहिजे. आपला वरचा साधा टू बीएचके ४२ चा होता. म्हणजे माणूस बसतो पण घर बसत नाही. शहराच्या हद्दीत ३५ लाखात नवीन टू बीएचके कुठल्या कोपऱ्यात मिळतो ते मला दाखवा, मी स्वतः येतो साइट व्हिजिटला.

आता लोक म्हणतील घरं कमीच आहेत, म्हणून महाग आहेत, अजून बांधू द्या. रात्री नऊच्या सुमारास एखाद्या नवीन टॉवरखाली उभं राहून वर बघा. पझेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या बिल्डिंगमध्ये सुद्धा किती मजल्यांवर लाइट लागलेले असतात? सोसायटीच्या मीटिंगला गेलात तर सेक्रेटरीचं रडगाणं हेच, निम्मे मालक बाहेरगावी, मेंटेनन्स येत नाही, लिफ्टचं बिल कोणी भरायचं. हे देशाच्या पातळीवर पण आहे. २०११ च्या जनगणनेत शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती, आणि पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने सांगितलं की शहरांमध्ये १ कोटी ८७ लाख घरांचा तुटवडा आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे, कारण तुटवड्यातला ९५ टक्क्यांच्या वरचा भाग आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाचा होता. रिकामी घरं एका वर्गाची आणि तुटवडा दुसऱ्या वर्गाचा. जे घर ९० लाखाचं आहे ते अजून शंभर बांधले तरी अठरा हजार पगारवाल्याच्या तुटवड्यात एकाने पण फरक पडत नाही.

मग ही माणसं राहतात कुठे? राहतात ना, कुठेतरी राहतातच. अंबड लिंक रोडला, चुंचाळ्याला, फुलेनगरला, सिन्नर रोडला एका खोलीत चौघं. थोडे पैसे जमले की कोणीतरी भेटतो, "एक गुंठा आहे, घेऊन टाक." नोटरीवर व्यवहार, सात-बारावर नाव लागत नाही, बँक लोन देत नाही, म्हणून सावकार किंवा बायकोचे दागिने. मग पत्र्याची खोली, मग ड्रेनेजसाठी नगरसेवकाच्या मागे दहा वर्षं. गुंठेवारी कायदा २००१ चा, मुदत परत परत वाढवावी लागते, का, कारण सरळ मार्गाने घर घेता येईल असा पर्यायच ठेवलेला नाही. आधी अनधिकृत होऊ द्यायचं, मग पैसे घेऊन नियमित करायचं, आणि मध्ये जेसीबीची भीती दाखवत राहायचं.

भाड्याने राहा असा सल्ला देणारे पण आहेत, आणि हिशोबात तो सल्ला चुकीचा नाही. वरचाच फ्लॅट भाड्याने घेतला तर बारा-तेरा हजारात मिळतो, हप्ता २८ हजार. मालकाला वर्षाला दीड लाख सुटतात ४२ लाखांवर, म्हणजे साडेतीन टक्के, त्यापेक्षा पोस्टात टाकले असते तर बरे. पण भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचं जगणं. दर वर्षी दहा टक्के वाढ, मुलाची शाळा इंदिरानगरला आणि पुढचं घर मिळालं तर म्हसरूळला. आणि मिळण्याआधी ते प्रश्न, गाव कोणतं, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, बॅचलर चालणार नाहीत, अमुक समाजाचे चालणार नाहीत. सोसायट्या हे ठराव करून बसतात, काही तर लेखी. खिशात भाड्याचे पैसे असून पण दारातून परत येणारे लोक या शहरात रोज आहेत, ते कुठल्याच मार्केट रिपोर्टमध्ये येत नाहीत.

आता ज्या अनुभवाचं मी वर म्हटलं त्याकडे येतो. नाशिकचं सिडको. बाहेरच्यांना सिडको म्हटलं की नवी मुंबई आठवते, पण आम्हाला सिडको म्हणजे त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, सावतानगर. सत्तर-ऐंशीच्या दशकात सातपूर-अंबडची एमआयडीसी वाढत होती, कामगार येत होते, तेव्हा सरकारने सिडकोला सांगून कारखान्यांच्या शेजारी सहा योजनांमध्ये हजारो घरं बांधली. लहान घरं, एक खोली-स्वयंपाकघर, पुढे-मागे थोडी जागा, हप्त्यावर, त्या वेळच्या कामगाराच्या पगारात बसणाऱ्या हप्त्यावर. आजही लोक पत्ता सांगताना "सहावी स्कीम" असंच सांगतात. ती घरं देखणी नव्हती. नंतर लोकांनी वर मजले चढवले, गॅलरी रस्त्यावर आणली, गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या की अग्निशमनची गाडी आत जाणार नाही, हे सगळे दोष मान्य. पण सायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाला स्वतःचं दार मिळालं, आणि त्या एका दारावर पुढच्या पिढीने किराणा दुकान टाकलं, क्लास काढले, मुलगी इंजिनिअर केली. नाशिकमधला मध्यमवर्ग कुठून आला असं कोणी विचारलं तर मोठा भाग सिडकोतून आला. तो बिल्डरने बांधलेला नाही, आणि ते कोणाचे उपकार पण नव्हते, कारखान्याला कामगार पाहिजे होते आणि कामगाराला घर पाहिजे होतं, एवढा साधा विचार सरकारला तेव्हा करता येत होता. आता एमआयडीसी सिन्नरला, दिंडोरीला वाढतेय, कंपन्यांना जमीन मिळते, पाणी मिळतं, वीज मिळते, कामगार कुठे राहणार याचा कागद कुठल्याच फाइलमध्ये नसतो.

आणि नियम म्हणजे २० टक्क्यांचा. २०१३ पासून राज्यात आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर प्रोजेक्ट केला तर त्यातली २० टक्के घरं छोटी, ३० ते ५० चौरस मीटरची, अल्प उत्पन्न गटासाठी, म्हाडाच्या सोडतीतून जायची, ठरलेल्या किमतीत. नाशिक २०११ लाच १४ लाख ८६ हजारांचं होतं, त्यामुळे नियम पहिल्यापासून लागू. कागदावर याच्यासारखा चांगला नियम नाही, सरकारचा एक रुपया जात नाही, जमीन घ्यावी लागत नाही, गरिबांची घरं गावाबाहेर न जाता त्याच वस्तीत होतात. म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या अलीकडच्या सोडतींमध्ये पाथर्डी, म्हसरूळ, गंगापूर शिवारातली अशी घरं साधारण पंधरा लाखांपासून पस्तीस लाखांपर्यंत निघाली आहेत. म्हणजे होऊ शकतं.

पण किती झाली? २०२२ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, की नाशिकमध्ये हजारो घरं म्हाडाकडे यायला हवी होती ती आलीच नाहीत, मोठमोठे लेआउट कागदोपत्री तुकडे करून चार हजारच्या खाली दाखवले गेले असा आरोप झाला, त्यावरून महापालिका आयुक्तांची बदली झाली, पेपरात आठवडाभर मथळे. त्यानंतर चौकशा, समित्या, पत्रव्यवहार. कोणाची परवानगी रद्द झाली, कोणाकडून किती घरं वसूल केली, हे सामान्य माणसाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हातात राहिली, विचारणारं सभागृहच नव्हतं. ३९०० चौरस मीटरचे तीन प्लॉट शेजारी शेजारी, मालक नात्यातले, आर्किटेक्ट एकच, मंजुरी एकाच महिन्यात, हे बांधकाम विभागाला नकाशावर दिसत नसेल असं मानायला मी तयार नाही. ज्यांना तुमच्या बाल्कनीची ग्रिल सहा इंच पुढे आलेली दिसते त्यांना हे दिसत नाही होय.

ग्रिलवरून आठवलं, कपाट प्रकरण नाशिककर विसरले नसतील. नकाशात कपाटाची जागा एफएसआयमध्ये न धरता दाखवायची आणि नंतर खोलीत मिसळून विकायची, वर्षानुवर्षं सगळे करत होते, महापालिका बघत होती. २०१५ च्या आसपास अचानक नियम आठवले आणि अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. बिल्डरचे पैसे तोपर्यंत आलेले, महापालिकेची फी आलेली. अडकला कोण, तर ज्याने लोन काढून घेतला तो. हप्ता चालू, जुन्या घराचं भाडं चालू, आणि नवीन फ्लॅटला दाखला नाही. या धंद्यात चूक कोणाचीही असो, बिल शेवटच्या माणसाकडे येतं.

आणि वरून स्वप्नं विकणं चालूच असतं. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात ब्रोशरवर "प्रपोज्ड मेट्रो स्टेशनपासून ५ मिनिटं" छापून आलं. मेट्रोचा एक खांब उभा नाही, रेट मात्र तेव्हा वाढले ते वाढले. मग समृद्धी, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला, रस्ता खरा आहे, पण तो इगतपुरीजवळून जातो आणि त्याच्या नावाने आडगावला रेट वाढवतात. रखडलेल्या नाशिक-पुणे रेल्वेचं तर बोलायलाच नको. आता कुंभ. २०२७ च्या कुंभाआधी घ्या, नंतर हात लागणार नाही. २०१५ च्या कुंभाआधी पण शब्दशः हेच सांगत होते, पुढच्या वर्षी नोटबंदी आली, मग बिल्डरांवर नियम घालणारा रेरा कायदा आला, आणि कित्येकांचे फ्लॅट घेतल्या भावात पण विकले जात नव्हते. रस्ते, पूल होतील, व्हायला पाहिजेत, पण साधू येऊन स्नान करून गेल्याने अंबडच्या पोराचा पगार वाढत नाही.

काही जण म्हणतील, रेट पडले तर ज्यांनी आयुष्यभराची कमाई टाकून घर घेतलंय त्यांचं काय. बरोबर प्रश्न आहे. पण मी रेट पाडा म्हणतच नाहीये. गंगापूर रोडचा टॉवर दोन कोटीला विका, घेणारा आहे, खुशाल घेऊ दे. मी म्हणतोय त्याच्या बाजूला जी २० टक्के घरं कायद्याने यायची ती आणा, आणि एमआयडीसीच्या शेजारी सरकारने परत एकदा लहान घरं बांधावीत, मालकीची नको असतील तर भाड्याची, कंत्राटी पोरांना तर भाड्याचीच जास्त उपयोगी. ज्याच्या तीन-तीन फ्लॅटला वर्षानुवर्षं कुलूप आहे त्याच्याकडून घरपट्टी जास्त घ्या, म्हणजे तो विकेल किंवा भाड्याने देईल. यातलं काहीच क्रांतिकारक नाही, आणि यातल्या कशानेच कोणाच्या आजच्या फ्लॅटची किंमत रुपयाने कमी होत नाही.

सुरुवात एका फुकटच्या गोष्टीने करता येईल. २०१३ पासून मंजूर झालेल्या प्रत्येक मोठ्या लेआउटची यादी महापालिकेने वेबसाइटवर टाकावी, सर्व्हे नंबर, एकूण क्षेत्र, २० टक्क्यांत किती घरं यायला हवी होती, किती आली, आणि शेजारचे चार हजारच्या खालचे प्लॉट एकाच सर्व्हे नंबरमधून कधी फुटले त्याची तारीख. एका एक्सेल शीटचं काम आहे, माहिती सगळी नगररचना विभागाच्या कपाटात पडलेली आहे. कुंभाचे हजारो कोटींचे आराखडे रात्रीतून तयार होतात, ही एक शीट बनवायला कोणाची परवानगी लागते ते नवीन नगरसेवकांनी पुढच्याच महासभेत विचारावं, आणि उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावं.